वाचायला लहान

हेडसरांनी पुस्तक दोन बोटांत धरलं होतं. मेलेली घूस शेपटीला धरून उकिरड्यावर नेतात, तसं. समोर सगळी शाळा उभी. परिपाठ नुकताच संपला होता. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आठवीतल्या एका मुलीनं सुविचार सांगितला. मग माइकवर माझं नाव आलं.

"पुढं ये."

मी दहावीत होते. रांगेतून पुढं गेले. काय झालंय ते पुस्तक बघूनच कळलं होतं.

"हे काय हाय?"

"पुस्तक, सर."

"कसलं पुस्तक?"

"कादंबरी."

"कादंबरी." ते मुलांकडं वळले. "ह्याला कादंबरी म्हणत्यात व्हय? आईबापासमोर ह्यातलं एक पान तरी वाचता येईल का? असली घाण बाहेरून शाळेत आणायची आन् चांगल्या घरच्या पोरींना द्यायची. घरात जसं असतं तसं पोर शिकतं. दारोदार हिंडून बांगड्या भरणाऱ्याच्या घरात दुसरं काय शिकणार?"

पोरं हसली. सगळी नाही, पण हसली. मग त्यांनी ते पुस्तक माझ्या डोक्यावर ठेवलं आणि मला व्हरांड्याच्या पायरीवर उभं केलं. मोठ्या सुट्टीपर्यंत. पडू द्यायचं नाही. येणारा जाणारा प्रत्येक वर्ग बघून जात होता. पाचवीतल्या एकीनं विचारलं, "ताई, तू काय केलंस?" तिच्या बाईंनी तिला दंडाला धरून ओढत नेलं. माझी मान आखडली होती आणि नाक गळत होतं. ते पुसायचं तर पुस्तक पडणार. मी पुसलं नाही.

शिरूर तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही. तळेगाव ढमढेरेच्या बाजाराला आम्ही जीपनं जायचो, एवढं पुरे. आम्ही मण्यार. अब्बा आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायचे आणि अम्मी घरोघरी जाऊन बांगड्या भरायची. मण्यारीणभाभी म्हणत तिला. गावात लग्न निघालं की आदल्या दिवशी बांगड्या भरायला अम्मीच. आधी नवरीचा हिरवा चुडा, मग घरातल्या बायका, मग भावकीतल्या. सुट्टीत मी बरोबर जायचे. खोकी उघडायची, मापं काढून द्यायची, हे माझं काम.

आता त्या पुस्तकाचं सांगते. हेडसर खोटं बोलत होते. पुस्तक शाळेचंच होतं. पहिल्याच पानावर शाळेचा गोल शिक्का होता. रांजणगावच्या एका कंपनीनं शाळेला लोखंडी कपाट भरून पुस्तकं दिली होती. संस्थेच्या अध्यक्षांनी फीत कापली. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. पंचायत त्यांची, सोसायटी त्यांची, शाळाही त्यांचीच. कपाटापुढं हार घालून फोटो काढला, तालुक्याच्या पेपरात छापून आला. त्याच संध्याकाळी कपाटाला कुलूप लागलं. वर कबड्डीच्या ढाली मांडल्या. आत काय आहे ते ना आबांनी उघडून बघितलं, ना हेडसरांनी. ऑफिस झाडायची पाळी दहावीच्या मुलींची. हो, मुलींचीच. मुलगे तेव्हा मैदानावर. धूळ पुसायला क्लार्कनं किल्ली दिली की मी एक पुस्तक काढायचे, वाचून झालं की परत ठेवायचे. तसंच हेही काढलं.

त्यात एक मुलगी होती. सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून देतात. तिला नको असतं. ती नाही म्हणते, रडून म्हणते, ओरडून म्हणते, आणि घरातलं एकही माणूस ऐकत नाही. सासरी तिला वाटणारी भीती होती त्यात, तिचं दुखणं होतं. बाळंतपणात ती मरता मरता वाचते तेही होतं. हेडसरांना जी घाण दिसली ती एवढीच.

मला ते वाचून मजा आली असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तसं वाटून घ्यावं. मी घाबरले होते. दोन दिवस जेवण गेलं नाही. रात्री अम्मीचा पदर धरून झोपले, एवढी मोठी घोडी. काही पानं तेव्हा कळलीही नाहीत. पण एक गोष्ट कळली. आमच्या गावात जे चालतं त्याला 'रीत' सोडून दुसरंही काहीतरी म्हणता येतं. आणि मला सायली आठवली.

सायली आबांच्या धाकट्या भावाची मुलगी. पाचवीपासून माझ्या बाकावर बसायची. गणितात माझ्यापेक्षा हुशार. नववीची परीक्षा संपली आणि तिची सुपारी फुटली. मुलगा दौंडकडचा, उसाची शेती, दारात दोन ट्रॅक्टर. आबांना तिकडचे पाहुणे हवे होते.

चुडा भरायला अम्मी गेली तेव्हा मी होते. आबांच्या बंगल्याचा हॉल बायकांनी भरलेला. सायली पाटावर बसली आणि तिनं हात पुढं केला. बांगडी भरणाऱ्याचं सगळं कसब हात दाबण्यात असतं. अंगठ्याखालचं हाड दाबायचं, हात सैल सोडायला सांगायचं, हळूहळू बांगडी चढवायची. सायलीच्या हाताला ते काही करावंच लागलं नाही. नवरीच्या मापाच्या बांगड्या सरळ कोपरापर्यंत गेल्या आणि हात खाली केल्यावर सगळ्या पाटावर सांडल्या. बायका हसल्या.

"भरंल की अंग, सासरचं खाऊन," तिची चुलती म्हणाली.

अम्मीनं माझ्याकडं बघितलं. मी तळातलं खोकं काढलं. जत्रेत लहान मुलींना विकायचा माल. त्यात हिरव्या थोड्या होत्या. सायलीचा चुडा त्यातून भरला. एक बांगडी तिच्या मनगटावर मोडली, रक्त आलं. आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, अशुभ असतं. वाढली म्हणतात. "वाढली गं, वाढली," सगळ्या म्हणाल्या. रक्त अम्मीनं स्वतःच्या पदराला पुसलं.  मी पुढची बांगडी काढून दिली.

लग्नात मांडवातल्या माइकवर मान्यवरांचे आशीर्वाद झाले. आमच्याकडं ती पद्धत आहे, अक्षता पडायच्या आधी पुढारी दोन दोन शब्द बोलतात आणि उन्हात बसलेली माणसं ऐकतात. हेडसरांना फेटा बांधला होता. घसा खाकरून त्यांनी माइकवर टिचकी मारली आणि म्हणाले, "वधू ही आमच्या शाळेची गुणी विद्यार्थिनी." तिची जन्मतारीख त्यांच्याच शाळेच्या रजिस्टरात होती. गुणी विद्यार्थिनी नववी पास होऊन दहावीत बसायची राहिली आहे हे त्या मांडवात सगळ्यांत चांगलं कुणाला माहीत असेल तर त्यांना. ते जिलेबी खाऊन गेले.

आखाडात नव्या नवरीला माहेरी आणतात. सायली आली तेव्हा मी भेटायला गेले. गच्चीवर बसलो. तिनं विचारलं, "बीजगणितात कुठवर आलेत?" मी सांगितलं. मग तिनं बाकीचं सांगितलं. मी ते इथं लिहिणार नाही. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. शेवटी म्हणाली, "सगळ्यांचंच असं असतं का गं?"

माझ्याकडं ते पुस्तक होतं. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं.

तिनं ते वाचलं आणि आईला सांगितलं, "मी परत जाणार न्हाई." आईनं विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. उशीखाली पुस्तक सापडलं, आणि मी येऊन गेल्याचं घरात माहीत होतंच. ते आबांकडं गेलं, आबांकडून हेडसरांकडं, आणि तिथून माझ्या डोक्यावर आलं. म्हणजे लग्न कुणाला टोचलं नाही. पोरीचं रक्त, तिची भीती, तेही नाही. टोचलं काय, तर तिनं वाचलं.

दुसऱ्या दिवशी अम्मीला बोलावलं. ऑफिसात आबा खुर्चीत, हेडसर शेजारी, आणि मागं तेच कपाट. अम्मीला कुणी बस म्हटलं नाही.

आबांचा आवाज कधी चढायचा नाही. "भाभी, तुमच्या सासूनं आमच्या आईला बांगड्या भरल्या. आम्ही कधी दुजाभाव केला का?"

"न्हाई, आबा."

"मग तुमच्या पोरीनं आमच्या पोरीच्या हातात हे का दिलं? तुमच्यात चालत असंल असलं. आमच्यात न्हाई चालत."

तुमच्यात. आमच्यात. दोन शब्दांत त्यांनी आम्हाला गावाबाहेर नेऊन ठेवलं. अम्मीनं हात जोडले. "चुकलं आबा. लेकरू हाय."

"लेकरू हाय म्हणूनच म्हणतो ना. ह्या वयात असलं वाचायचं नसतं. मन नासतं." ते माझ्याकडं वळले. "उद्या परिपाठाला माइकवर माफी मागायची. पुस्तक बाहेरून आणलं हे सांगायचं. न्हाईतर सर दाखला देतील, घेऊन जायचा."

घरी येताना अम्मी चालता चालता बोलत होती. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण त्या दिवशी ती मराठीतच बोलली, रस्त्यावरच्यांनी ऐकावं म्हणून असेल. "माफी माग. मान खाली घाल आन् माग. शाळा सुटली तर मामू पोरगा घेऊन बसलेलाच हाय. मग तुझंबी तेच व्हईल. मी कुठवर थांबवू?" ती खरं बोलत होती. आमच्यातही तेच चालत होतं. आबांना वाटायचं तेवढा आमच्यात आणि त्यांच्यात फरक नव्हता. माफी मागितली तर शाळा राहणार होती, नाही मागितली तर मलाही चुडा भरायचा होता. मी माफीची वाक्यं पाठ केली. खरंच केली. मागणारच होते.

सकाळी आबा गाडीतून आले. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. अम्मी गेटजवळ उभी, आत यायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. हेडसरांनी माझ्यासाठी माइक खाली केला. डोक्यावर हात ठेवला. "बोल बाळा. घाबरू नको," ते म्हणाले, अगदी मायेनं. आणि घसा खाकरून त्यांनी माइकवर टिचकी मारली. लग्नात मारली होती तशीच.

त्या टिचकीनं माझं डोकं फिरलं. शिव्या खाल्ल्या तेव्हा फिरलं नव्हतं, डोक्यावर पुस्तक घेऊन उभी राहिले तेव्हा नाही. ही माया सोसली नाही. पाठ केलेलं सगळं कुठं गेलं कळलं नाही. मी बोलले ते असं:

"हे पुस्तक शाळेच्या कपाटातलं हाय. त्याच्यावर शाळेचा शिक्का हाय. सायली माझ्या वर्गात होती. तिचं लग्न लावलं तवा ती पंधरा वर्षांची होती. सर, तुम्ही त्या लग्नात माइकवर बोलला होता. तवा तिचं वय कुणी काढलं न्हाई. पुस्तक वाचलं तवा काढलं."

तेवढ्यात माइक बंद झाला. मी नुसत्या गळ्यानं बोलले. "मी माफी मागणार न्हाई."

 मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं.  आबा हसले. तोंड हसलं, डोळे नाही. मग अम्मी गेटवरून सरळ चालत आली आणि तिनं माझ्या कानाखाली मारली. आयुष्यात एकदाच मारलं तिनं, ते तिथं.

"बघा," आबा म्हणाले, "आईलाबी पटलं."

अम्मीनं त्यांच्याकडं बघितलं. हात जोडले नाहीत. माझं मनगट धरलं आणि मला घेऊन गेटबाहेर आली.  घरी आल्यावर तिनं मला भाकरी वाढली आणि स्वतः जेवली नाही.

दाखला घरपोच आला. दहावी मी बाहेरून दिली, सतरा नंबरचा फॉर्म भरून. आबांच्या भावकीतल्या लग्नांना अम्मीला बोलावणं बंद झालं, मग त्यांचं बघून इतरांनी बंद केलं. अब्बांनी दुकान दौंडच्या बाजाराला हलवलं आणि पाठोपाठ आम्हीही. सायलीला तिसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून परत पाठवलं. घालून हाच शब्द बरोबर आहे. पुढं तिचं काय झालं ते मला माहीत आहे. पण ते तिचं आहे. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. आणि मामू जेव्हा पोरगा घेऊन आला तेव्हा अम्मी त्याला म्हणाली, "लड़की पढ़ रही है." का म्हणाली, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आज मी दौंडमध्ये अकरावी-बारावीला मराठी शिकवते. जुनी गोष्ट जुनी झाली असती तर मी हे लिहायला बसलेच नसते.

माझ्या वर्गात कासुर्डीकडून एसटीनं येणारी एक मुलगी आहे. मी वर्गात वाचायला तशाच विषयावरची एक कादंबरी लावली होती. तिनं ती घरी मागून नेली, परत द्यायला आली आणि दारात उभी राहिली. "म्याडम, रविवारी माझी सुपारी फुटायची हाय. पुस्तकातल्या पोरीनं कुणालाच सांगितलं न्हाई. कुणाला सांगायचं असतं?" सोळा वर्षांची. मी तिच्याबरोबर गेले. ग्रामसेवकाला भेटलो, तिच्या आईवडिलांसमोर बसलो. शिव्या खाल्ल्या. रविवारी सुपारी फुटली नाही. पुढच्या रविवारी काय होईल माहीत नाही, पण मुलगी आज वर्गात बसली आहे.

पंधरा दिवसांत पालकांची सभा लागली. तिचे चुलते आले होते, पण बोलायला त्यांनी पुढं केले शहरातले दोन सुशिक्षित पालक. एक म्हणाले, "सामाजिक विषय महत्त्वाचे आहेतच, म्याडम. पण हे वय त्यासाठी योग्य नाही. आमची मुलं अजून निरागस आहेत." टाळ्या पडल्या.

निरागस. मला त्या शब्दाची शिसारी आली आहे. मुलं निरागस म्हणे तुमची. तुमच्या मुलांच्या खिशात मोबाइल आहे, त्यात काय येतं ते तुम्ही बघत नाही, आणि माझ्या हातातलं पुस्तक मात्र चाळून बघता. दाराबाहेर जे चाललंय ते शेजारच्या पोरीवर बेततं, तुमच्या मुलीला त्याचा वाससुद्धा नको. आणि ज्या पोरीवर बेततं तिला त्याचं नाव कळायला नको, कारण नाव कळलं की ती विचारते. तुम्हाला मुलांची काळजी नाही, त्या प्रश्नाची आहे. सगळी पुस्तकं सगळ्यांना द्यावी असं मी म्हणत नाही. पाचवीतल्या पोराच्या हातात हे मी देणार नाही, एवढी अक्कल मला आहे. मी एकटी ते वाचून किती घाबरले होते, ते विसरले नाही. म्हणून तर वर्गात वाचते. मुलं रागावतात, एखादी रडते, मुलगे खाली बघतात, मग बोलायला लागतात. सोळा वर्षांचं माणूस हे सोसू शकतं. जे सोसतंय, ते वाचू का शकणार नाही?

सभा संपल्यावर प्राचार्य केबिनमध्ये म्हणाले. माणूस वाईट नाही. "म्याडम, तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण दोन-चार पुस्तकं बारावी होईपर्यंत बाजूला ठेवा. कशाला उगाच कटकट?"

मी नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, वरून दबाव आला तर? मी म्हणाले, येऊ द्या. ते म्हणाले, नोकरीवर येईल. मी म्हणाले, या मुलांहून लहान होते तेव्हा माझ्या शाळेवर आलं होतं.

उद्या पहिला तास अकरावीचा आहे. ते पुस्तक मी उघडणार आहे, जिथं थांबलो होतो तिथून, आणि मोठ्यानं वाचणार आहे, व्हरांड्यात उभं राहणाऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पालकांना बसायचं असेल तर मागचा बाक रिकामा असतो. या तालुक्यांत सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात चुडा चढायचा थांबेल, त्या दिवशी मला सांगा. तोवर माझ्या वर्गात कुणीही वाचायला लहान नाही.